आरसी ग्लायडरमधल्या रिसीव्हरची चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थर्मल (वर चढणारी गरम हवा) सापडलं की आरसी, म्हणजे रेडिओने चालवायचं, ग्लायडर गिरक्या घेत घेत आपल्यापासून चारपाचशे मीटर लांब आणि जवळपास तितकंच उंच जातं. प्रत्येक गिरकीत ते कधी नाक, कधी पोट, कधी शेपटी, कधी पंखाचं टोक आपल्याकडे करतं. त्याच्या चिंचोळ्या नाकात बॅटरी, सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), तोल साधायला घातलेलं शिसं आणि रिसीव्हर (हातातल्या ट्रान्समीटरचा सिग्नल ऐकणारा भाग) एकमेकांना खेटून बसलेले असतात, आणि भोवती पुष्कळदा कार्बनचं कवच असतं. रेडिओच्या दृष्टीने ही फार अडचणीची जागा आहे. म्हणून रिसीव्हर एकटा कसा चालतो एवढं पाहून भागत नाही. तो या ग्लायडरमध्ये, या जागी, या बॅटरीवर कसा चालतो हे पाहावं लागतं. खालची बहुतेक उत्तरं याच आग्रहातून आली आहेत.

नवा रिसीव्हर टेबलावर उत्तम चालतो. मग मैदानावर नेऊन पुन्हा का तपासायचा?

टेबलावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यात हातभर अंतर असतं. इतक्या जवळून अँटेना तुटलेला रिसीव्हरही बिनतक्रार चालतो. एकदा नाकात बॅटरी कोंबताना माझ्या एका रिसीव्हरच्या अँटेनाची तार सर्किटवरच्या इवल्याशा जोडातून निसटली होती. घरी सगळे सर्व्हो झकास हलत होते. मैदानावर रेंज चेक, म्हणजे कमी शक्तीवर पल्ल्याची चाचणी, केला तेव्हा बाराव्या पावलालाच संपर्क तुटला. तो चेक केला नसता तर ते ग्लायडर त्या दिवशी परत आलं नसतं.

टेबलावरचं काम वेगळं आहे आणि तेही करायचंच: बाइंडिंग (ट्रान्समीटर-रिसीव्हरची जोडी जुळवणं) नीट झालं का, योग्य चॅनेलवर योग्य सर्व्हो आहे का, दिशा बरोबर आहेत का, सगळ्या स्टिक एकदम हलवल्यावर व्होल्टेज टिकतं का. पण पल्ल्याबद्दल टेबल काहीच सांगत नाही.

रेंज चेक मोडमध्ये नेमकं काय होतं?

ट्रान्समीटर आपली प्रक्षेपणशक्ती मुद्दाम खूप कमी करतो. त्यामुळे हवेतली लांबची परिस्थिती जमिनीवर थोड्या अंतरात उभी करता येते. अंतर दुप्पट झालं की रिसीव्हरपर्यंत पोहोचणारी शक्ती चौथाई होते, हा यामागचा नियम. म्हणजे शक्ती शंभरावा भाग केली तर पल्ला दहावा भाग उरतो. तिसावा भाग केली तर पल्ला साधारण साडेपाच पटींनी कमी होतो.

आता कुणी रेंज चेकच्या नेहमीच्या ३० मीटरला साडेपाचने गुणेल आणि "फक्त १६५ मीटर?" म्हणून घाबरेल. घाबरू नका. हे गणित मोकळ्या आकाशातलं आहे. जमिनीलगत मातीवरून परावर्तित झालेली लहर थेट आलेल्या लहरीला बरीचशी खोडून टाकते, त्यामुळे तिथे सिग्नल फार झपाट्याने घटतो. तीच जोडणी हवेत याहून कितीतरी लांबवर पोहोचते.

किती पावलांवर सर्व्हो चालायला हवेत?

आपल्या रेडिओच्या माहितीपुस्तिकेत दिलेला आकडा पहिला. बऱ्याच कंपन्या ३० पावलं, म्हणजे साधारण २५ ते ३० मीटर सांगतात. प्रत्येक रेडिओ शक्ती किती कमी करतो हे वेगवेगळं असल्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नये.

पण खरं सांगायचं तर "३० पावलं मिळाली, पास" एवढ्यावर मी थांबत नाही. ३० पावलांवर चालतो हे कळलं की पुढे चालत राहा आणि संपर्क कुठे डळमळतो ते शोधा. तो आकडा वहीत लिहा. माझ्या एका ग्लायडरचा आकडा नेहमी ७० ते ७५ पावलं येतो. एके दिवशी तो ४५ आला. पुस्तिकेच्या हिशेबाने ४५ म्हणजे उत्तम, पण या ग्लायडरच्या हिशेबाने काहीतरी बिघडलं होतं. कॅनोपी (नाकावरचं झाकण) काढून पाहिलं तर एक अँटेना आपल्या नळीतून सुटून बॅटरीला चिकटून पडला होता. जुना आकडा वहीत नसता तर ते ४५ मला समाधानकारक वाटले असते.

चाचणी कशी करायची, क्रमाने सांगाल का?

ग्लायडर पूर्ण जोडा. पंख लावलेले, पंखातल्या सर्व्होच्या तारा जोडलेल्या, कॅनोपी बंद, शिसं जागेवर, आणि उडताना जी बॅटरी असते तीच आत. पंखातल्या लांब तारा आणि कार्बनचा स्पार (पंखातला मुख्य दांडा) यांचा अँटेनावर परिणाम होतो, त्यामुळे नुसती बॉडी हातात घेऊन केलेली चाचणी अर्धीच.

सोबत एक माणूस हवा. त्याने ग्लायडर खांद्याच्या उंचीवर, पंखाच्या मागून धरावं. रिसीव्हर ज्या भागात आहे तिथे हाताची मूठ नको. आपल्या शरीरात पाणीच पाणी आहे आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ते सहज शोषून घेतं. ग्लायडर गवतावर ठेवून चाचणी करू नका. दवाने ओलं गवत असेल तर मुळीच नको. गाडीच्या टपावरही नको, कारण तो लोखंडी पत्रा आहे. एकटे असाल तर लाकडी किंवा प्लास्टिकचं उंच स्टूल चालेल.

ट्रान्समीटर उडवताना धरता तसाच छातीपाशी धरा. त्याच्या अँटेनाचं टोक थेट ग्लायडरकडे रोखू नका. बारीक तारेसारख्या अँटेनाच्या टोकाच्या दिशेने सर्वांत कमी लहरी जातात, बाजूंनी सर्वांत जास्त. टोक रोखलं की सिग्नल "नेमका" जातो असं वाटतं, पण होतं उलटंच. खिशातला फोन सोबत्याकडे द्या, म्हणजे त्याचं वायफाय ट्रान्समीटरला खेटून राहणार नाही.

मग रेंज मोड चालू करा आणि रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) सतत डावीउजवीकडे हलवत, पावलं मोजत मागे चला. ग्लायडरकडे पाठ करून चालू नका, मध्ये तुमचंच अंग येतं. ठरलेल्या अंतरावर पोहोचलात की थांबा. आता सोबत्याने ग्लायडर सावकाश फिरवायचं: आधी नाक तुमच्याकडे, मग डावा पंख, मग शेपटी, मग उजवा पंख. त्यानंतर पोट तुमच्याकडे, पाठ तुमच्याकडे. प्रत्येक स्थितीत तीनचार सेकंद थांबायचं आणि या सगळ्या वेळात रडर हलत राहायला हवा. तो अडखळला की सोबत्याने हात वर करायचा. ओरडून सांगण्यापेक्षा हात बरा, सत्तर पावलांवरून वाऱ्यात शब्द कळत नाहीत.

ज्या बाजूने सर्वांत कमी अंतर मिळालं तोच तुमचा खरा आकडा. नाकासमोरून ९० पावलं आणि शेपटीकडून ४० मिळत असतील तर वहीत ४० लिहा.

एका ठरावीक जागी सर्व्हो थांबतात, दोन पावलं सरकलं की पुन्हा चालतात. हा दोष आहे का?

बहुधा नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर असते. जमिनीवरून, कुंपणावरून, उभ्या गाडीवरून परावर्तित झालेल्या लहरी थेट लहरीत मिसळतात. काही जागी त्या एकमेकींना पूरक होतात, काही जागी खोडतात. अशा मृत जागा फारच लहान असतात. सोबत्याला ग्लायडर वीतभर वर किंवा बाजूला न्यायला सांगा. लगेच संपर्क जुळला तर दोष जागेचा. दहा पावलांच्या पट्ट्यात कुठेही उभं राहिलं तरी तीच अडचण येत असेल, किंवा ग्लायडरची ठरावीक बाजू वळली की दर वेळी येत असेल, तर मात्र दोष जोडणीत आहे.

पूर्वी सिग्नल कमी झाला की सर्व्हो थरथरायचे. आता तसं का होत नाही?

जुन्या ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या एफएम रिसीव्हरला सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक कळत नसे. सिग्नल अशक्त झाला की गोंगाटच सर्व्होपर्यंत पोहोचायचा आणि रडर थरथरायचा. आजचा डिजिटल रिसीव्हर प्रत्येक पाकीट (ट्रान्समीटरने पाठवलेला आज्ञांचा छोटा गठ्ठा) तपासतो. ते चुकीचं असेल तर टाकून देतो आणि सर्व्होला आधीच्याच जागी धरून ठेवतो. पाच पाकिटांतली चार हरवली तरी उरलेल्या एकावर सर्व्हो हलत राहतो आणि आपल्याला सगळं सुरळीत वाटतं. मग तेही एक हरवतं, आणि ग्लायडर क्षणात ऐकेनासं होतं.

ही प्रणाली जुनीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, यात वाद नाही. पण तिच्यात आधी मिळणारा इशारा डोळ्यांना दिसत नाही. ग्लायडर सेकंदाला १५ मीटर वेगाने जात असेल तर दोन सेकंदांच्या शांततेत ते ३० मीटर पुढे गेलेलं असतं, आणि जमिनीपासून ते नेहमीच ३० मीटर वर असेल असं नाही. म्हणून रेंज चेक करताना स्टिक सतत हलवायची आणि टेलिमेट्री (ग्लायडरकडून ट्रान्समीटरकडे परत येणारी माहिती) असेल तर तिचे आकडे बघायचे.

टेलिमेट्रीत आरएसएसआय दिसतो आणि एलक्यूही. कोणावर भरवसा ठेवायचा?

दोन्ही बघा, पण त्यांचा अर्थ निराळा आहे. आरएसएसआय सांगतो सिग्नल किती जोरात ऐकू येतोय. एलक्यू, म्हणजे लिंक क्वालिटी, सांगतो की शंभरातली किती पाकिटं धड पोहोचली. आसपास गोंगाट जास्त असेल तर आरएसएसआय छान आणि एलक्यू घसरलेला असं होऊ शकतं. अशा वेळी एलक्यूचं ऐका.

आरएसएसआय डीबीएममध्ये मिळत असेल तर एक सोपा आडाखा लक्षात ठेवा: अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. १०० मीटरवर उणे ७० असेल, तर मोकळ्या आकाशात २०० मीटरवर उणे ७६ आणि ४०० मीटरवर उणे ८२ च्या आसपास. यावरून रिसीव्हरला ऐकू येईल अशा सर्वांत क्षीण सिग्नलपर्यंत पोहोचायला किती अंतर बाकी आहे याचा अंदाज बांधता येतो. काही रेडिओंवर आरएसएसआय शंभरपैकी दिसतो, पण ते टक्के नव्हेत. ओपनटीएक्स आणि एजटीएक्स या रेडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इशाऱ्याच्या मूळ मर्यादा ४५ आणि ४२ अशा असतात. तो आवाज बंद करून उडवू नका. ४५ ऐकू आलं की ग्लायडर आपल्याकडे वळवा, कारण शोधायचं काम खाली उतरल्यावर.

स्पेक्ट्रम (Spektrum) कंपनीच्या रिसीव्हरमध्ये फेड (एकाच अँटेनाने न ऐकलेलं पाकीट), फ्रेम लॉस (कोणत्याच अँटेनाने न ऐकलेलं) आणि होल्ड अशी मोजणी मिळते. एखाद्या अँटेनाचे फेड वाढले तर तो अँटेना चुकीच्या जागी आहे. सलग ४५ फ्रेम हरवल्या की एक होल्ड धरला जातो. २२ मिलिसेकंदांच्या फ्रेमवर हा जवळपास एक सेकंद होतो. उड्डाणानंतर होल्डच्या जागी शून्याखेरीज काहीही दिसलं तर कारण सापडेपर्यंत पुढचं उड्डाण नको.

अँटेना कसे बसवायचे?

रिसीव्हरमधून निघणाऱ्या तारेचा मोठा भाग नुसती वाट असतो. खरं ऐकण्याचं काम करतो तो टोकाचा, वरचं जाळीचं आवरण काढलेला साधारण ३१ मिलिमीटरचा तुकडा. लहरीच्या लांबीचा हा चौथा भाग. एवढा तुकडा सरळ, मोकळा आणि धातू-कार्बनपासून लांब राहिला पाहिजे. बाकीची तार हवी तशी वळवा, फक्त कडक घडी घालू नका.

दोन अँटेना असतील तर ते एकमेकांशी काटकोनात ठेवा. कारण तेच, टोकाच्या दिशेने अँटेना जवळजवळ बहिरा असतो. ग्लायडर वळता वळता एका अँटेनाचं टोक तुमच्याकडे येईल तेव्हा दुसरा आडवा असायला हवा. दोन्ही मिशा, म्हणजे अँटेनाची टोकं, नीट समांतर बांधलेल्या दिसायला सुबक दिसतात, पण मग दुसऱ्या अँटेनाचा उपयोगच संपतो. त्यातही एक मिशी बॉडीच्या लांबीच्या रेषेत ठेवली असेल तर हे विसरू नका: ग्लायडर सरळ आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर जात असतं, तेव्हा ती बहिरी असते.

पातळ प्लास्टिकच्या नळ्या बॉडीला चिकटवून त्यात टोकं सरकवणं ही सर्वांत टिकाऊ पद्धत. नुसत्या चिकटपट्टीवर लावलेलं टोक उन्हात तापल्यावर सुटतं. आणि अँटेना बॅटरी, शिसं, कार्बनची पुशरॉड, सर्व्होच्या तारांचा जुडगा यांपासून निदान दोनतीन सेंटिमीटर लांब असावा. आत जीपीएस असेल किंवा टेलिमेट्रीचा दुसरा ट्रान्समीटर असेल तर त्याच्यापासून याहूनही लांब.

बॉडी कार्बनची आहे. रिसीव्हर आत चालेल का?

रिसीव्हर आत, अँटेनाची टोकं बाहेर. याला पर्याय नाही. कार्बन वीज वाहून नेतो, त्यामुळे कार्बनच्या नळीत ठेवलेला अँटेना म्हणजे झाकण लावलेल्या डब्यातला अँटेना. ग्लासफायबर आणि केवलार यांतून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी आरपार जातात, म्हणून बरेच उत्पादक कार्बनच्या बॉडीला नाक मात्र ग्लास किंवा केवलारचं देतात. तसं नाक असेल तर मिशा आत ठेवता येतात, तरी रेंज चेक करून खात्री करा. नाकामागचा कार्बन, पंखाचा कार्बन जॉइनर (दोन्ही पंख जोडणारा दांडा) आणि बॅटरी मिळून शेपटीकडच्या बाजूला सावली पाडू शकतात, आणि ग्लायडर आपल्यापासून लांब जाताना आपल्याकडे असते ती शेपटीच.

कवच कशाचं आहे हे रंगामुळे कळत नसेल तर मल्टिमीटरने कडेच्या उघड्या धाग्यावर रोध मोजून बघता येतो. कार्बन असेल तर काट्याला हालचाल होते. चांदीसारख्या चमकणाऱ्या धातुमिश्रित रंगाबद्दल आणि धातूचा थर असलेल्या कव्हरिंगबद्दलही अशीच शंका घ्या.

बाहेर काढलेल्या मिशा उतरताना गवतात घासतात. त्यामुळे एक बाजूला आणि एक वर किंवा तिरकी मागे, अशी रचना मला आवडते. पोटाखाली काढलेली मिशी दोनचार लँडिंगमध्ये झिजते.

अँटेनाचं टोक थोडं तुटलं. उरलेल्यावर उडवू का?

नको. ३१ मिलिमीटरमधले ८-१० गेले तरी ताल बिघडतो. अँटेना बदला.

सिग्नल भक्कम होता, तरी ग्लायडर क्षणभर मेल्यासारखं झालं. असं कशामुळे?

आधी बॅटरीवर संशय घ्या. पल्ल्याच्या नावावर खपवलेल्या पुष्कळ अपघातांचं मूळ व्होल्टेजमध्ये असतं, आणि या प्रश्नावर मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं.

रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपास खाली गेला की बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. नव्या रिसीव्हरला यात क्षणच लागतो, काही जुन्यांना कित्येक सेकंद लागायचे. आता सहा सर्व्होचं ग्लायडर उतरताना काय होतं बघा. तुम्ही बटरफ्लाय ब्रेक लावता: दोन्ही फ्लॅप (पंखाचे आतले हलते भाग) खाली, दोन्ही एलेरॉन (बाहेरचे हलते भाग) वर, एलिव्हेटरची (शेपटीवरच्या आडव्या भागाची) भरपाई, आणि वर रडर चालूच. सगळे सर्व्हो एकाच क्षणी जोर लावतात. एकेक छोटा डिजिटल सर्व्हो अडला तर एक अँपिअरहून जास्त ओढू शकतो. बारीक तारा, जुना स्विच, सैल झालेला कनेक्टर आणि म्हातारी बॅटरी यांतून एवढा प्रवाह जाताना व्होल्टेज कोसळतं. आणि हे नेमकं जमिनीपासून पाच मीटरवर घडतं.

चाचणी अशी करा. ग्लायडर पूर्ण जोडलेलं, बॅटरी अर्धी वापरलेली. ताज्या बॅटरीवर सगळंच छान चालतं. टेलिमेट्रीवर रिसीव्हरचं सर्वांत कमी व्होल्टेज लावा आणि अर्धा मिनिट सगळ्या स्टिक जोरात फिरवा, ब्रेक लावा-काढा. मग सोबत्याला फ्लॅप तळहाताने हलकेच दाबून धरायला सांगा. गिअरचे दात तुटतील इतकं नाही, हवेचा दाब असेल तेवढंच. चार सेलच्या निकेल मेटल हायड्राइड पॅकवर हा आकडा ४.५ व्होल्टच्या खाली गेला तर मी ते ग्लायडर उडवत नाही. दोन सेलच्या लिथियम पॅकवर, सहा व्होल्टचा रेग्युलेटर असेल तर, पाचच्या खाली जाऊ नये. ही माझी मर्यादा आहे आणि ती मुद्दाम कडक ठेवली आहे, कारण मिलिसेकंदांपुरती पडणारी खोल दरी साधा मल्टिमीटर किंवा टेलिमेट्री दाखवतच नाही. दिसतो त्यापेक्षा खरा तळ खाली असतो.

बॅटरी घेताना क्षमतेपेक्षा तिचा अंतर्गत रोध बघा. आकाराने इवलासा पॅक नाकात छान बसतो, पण जोराच्या क्षणी मान टाकतो. तसंही नाकात शिसं घालावंच लागतं. त्या वजनाची मोठी बॅटरी घातली तर तोल तोच राहतो आणि वीज भरपूर मिळते.

दोष रिसीव्हरचा की सर्व्होचा, कसं ओळखायचं?

सर्व्हो टेस्टर लावा. तो सर्व्होला १००० ते २००० मायक्रोसेकंदांचा स्पंद देतो, मध्य १५००. टेस्टरवरही सर्व्हो अडखळला तर दोष सर्व्होचा किंवा त्याच्या तारेचा. टेस्टरवर सुरळीत आणि रिसीव्हरवर अडखळतो तर तोच सर्व्हो दुसऱ्या चॅनेलवर लावून पाहा. पंखाच्या मुळाशी असलेला जोडही हलवून बघा. दर वेळी जोडला-काढला जाणारा तो एकच भाग असतो आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटल्यावर सर्व्होंनी घ्यायची स्थिती, कशावर ठेवावा, आणि तपासायचा कसा?

ग्लायडरसाठी "शेवटच्या स्थितीत धरून ठेव" हा पर्याय मला धोक्याचा वाटतो. नीट ट्रिम केलेलं ग्लायडर संपर्क तुटल्यावरही शांतपणे उडत राहतं. वर थर्मल असेल तर वाऱ्याबरोबर मैलोनमैल जातं आणि कुठे, कुणावर उतरेल याचा नेम नाही. ते मैदानाच्या जवळपास आणि हळू खाली यायला हवं. म्हणून ब्रेक मध्यम लावलेले, त्याला जुळणारी एलिव्हेटरची भरपाई आणि रडर किंचित एका बाजूला, म्हणजे मोठं, संथ वर्तुळ. रडर फार दिला तर ते घसरत्या गिरकीत जाऊन वेग धरेल. ही स्थिती आधी उंचावर स्वतःच्या हाताने स्टिकवर धरून बघा. हाताने जे स्थिर उतरत नाही ते फेलसेफमध्येही उतरणार नाही. मोटर असेल तर फेलसेफमध्ये ती बंदच, याबाबत दुसरा विचार नको. आपल्या देशाचे आणि क्लबचे नियमही पाहा.

तपासणी जमिनीवरच करायची. सोबत्याने ग्लायडर धरलेलं, मोटर असेल तर प्रॉपेलर काढलेला. ट्रान्समीटर बंद करा आणि पृष्ठं (रडर, फ्लॅप वगैरे हलते भाग) ठरलेल्या जागी जातात का बघा. साधारण सेकंदभर लागतो. पुन्हा चालू केल्यावर ताबा किती वेळात परत येतो तेही मोजा. अनेक रेडिओंत फेलसेफ बाइंडिंगच्या वेळी साठवला जातो, तेव्हा पुन्हा बाइंड केलं की फेलसेफही पुन्हा तपासलाच पाहिजे. पृष्ठांची दिशा बदलली, नवा मिक्स (एका स्टिकवर अनेक सर्व्हो हलवण्याची मांडणी) घातला, तरीही.

माझ्या ग्लायडरला मोटर आहे. वेगळं काही?

रेंज चेक दोनदा करा, एकदा मोटर बंद आणि एकदा चालू. चालू असताना सोबती प्रॉपेलरच्या मागे, पक्कं धरून, आणि समोर कुणी नाही. दोन्ही आकड्यांत मोठा फरक पडला तर स्पीड कंट्रोलर (मोटरला वीज देणारं यंत्र) आणि त्याच्या जाड तारा रिसीव्हरपासून दूर हलवा. एफ५जे प्रकारच्या (मोटरने चढून थर्मलवर उडण्याच्या स्पर्धेच्या) ग्लायडरमध्ये सगळं नाकातच असल्याने हे बोलायला सोपं आणि करायला कठीण आहे. पण अँटेनाच्या मिशा तरी मागे नेता येतात. स्पीड कंट्रोलरचा बीईसी (त्यातला कमी व्होल्टेज देणारा भाग) रिसीव्हरला वीज देत असेल तर वरची व्होल्टेजची चाचणी मोटर चालू ठेवूनही करा.

रेंज मोड चुकून चालू राहिला तर?

मग तुम्ही अगदी तुटपुंज्या शक्तीवर उडाल. काही रेडिओंत बटण सोडलं की किंवा थोड्या वेळाने तो आपोआप बंद होतो, सगळ्यांत नाही. फेकण्याआधी रेडिओचा पडदा एकदा वाचा.

ग्लायडर आपटलं, पण रिसीव्हर चालतोय. पुन्हा वापरू का?

वेष्टन उघडा. अँटेनाचा जोड पक्का आहे का, सर्किटला बारीक भेग आहे का, कनेक्टरच्या पिनांचा टाका सुटला आहे का, हे भिंगाने पाहा. मग चालू स्थितीत पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलके टकटक करा आणि प्रत्येक तार हलवा. नंतर केस सुकवायच्या यंत्राने हाताला सोसेल इतकं गरम करून पुन्हा तेच. उन्हात बंद कॅनोपीखाली रिसीव्हर खरोखर तापतो. गार असताना जुळलेली भेग तापल्यावर उघडते. शेवटी पूर्ण रेंज चेक, आणि आकडा जुन्या आकड्याशी ताडून बघा.

यातलं काहीही डळमळीत वाटलं तर तो रिसीव्हर माझ्या ग्लायडरमध्ये पुन्हा जात नाही. खाऱ्या पाण्यात पडलेला तर वरून कितीही स्वच्छ दिसला तरी नाहीच; आतला गंज महिन्याभराने वर येतो.

डोंगरउतारावर उडवतो. तिथे रेंज चेकमध्ये काय बदलतं?

तिथे अंतरापेक्षा आड येणारी जमीन महत्त्वाची. तुम्ही कड्यापासून दहा पावलं मागे उभे असाल आणि ग्लायडर कड्याखाली गेलं, तर मध्ये खडक आणि माती आहे. २.४ गिगाहर्ट्झ त्यातून जात नाही. म्हणून कडेजवळ, पण सुरक्षित आणि जिथून खालचं सगळं दिसतं अशा जागी उभे राहा. ग्लायडर दिसत नाही तिथे सिग्नलही नाही असंच धरून चाला. चाचणीत पोट आणि पाठ या दोन बाजूंना जास्त वेळ द्या. उतारावर ग्लायडर पुष्कळदा आपल्यापेक्षा खाली असतं आणि वळताना पूर्ण पाठ दाखवतं, ही गोष्ट सपाट मैदानावर क्वचित घडते.

जुना ३५ मेगाहर्ट्झचा सेट अजून चालतो. त्याची चाचणी कशी?

ट्रान्समीटरच्या अँटेनाचा दांडा मिटवून चालत जा आणि सर्व्हो थरथरायला लागतात ते अंतर लिहा. रिसीव्हरची सुमारे एक मीटरची तार कापू नका, गुंडाळूही नका, आणि कार्बनच्या बाजूने समांतर नेऊ नका. चालू करण्याआधी त्याच चॅनेलवर दुसरं कुणी नाही ना, हे विचारायला विसरू नका. त्या प्रणालीत तुमची एक कळ दुसऱ्याचं ग्लायडर पाडू शकते.

हे सगळं दर वेळी करायचं?

छोटा रेंज चेक, चारही बाजू फिरवून, दर उड्डाणदिवशी पहिल्या फेकीआधी. दोन मिनिटांचं काम आहे. पूर्ण चाचणी, म्हणजे पल्ल्याचा तळ शोधणं, व्होल्टेज आणि फेलसेफ, ही नव्या जोडणीनंतर, आपटल्यानंतर, बॅटरी किंवा अँटेनाची जागा बदलल्यावर आणि मोठ्या खंडानंतर. चाचणीत पास झालेल्या नव्या जोडणीचं पहिलं उड्डाणही जवळच ठेवा: शेदोनशे मीटरच्या आत, हवेत मुद्दाम सगळ्या बाजू फिरवत, सोबत्याला टेलिमेट्रीचे आकडे मोठ्याने वाचायला सांगून.

वहीत काय लिहावं?

तारीख, ग्लायडर, कोणता रिसीव्हर, अँटेना कुठे, कोणती बॅटरी, ग्लायडर किती उंचीवर धरलं होतं, मैदान ओलं की कोरडं, चारही बाजूंचे आणि पोट-पाठीचे आकडे, सर्वांत कमी व्होल्टेज. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "नाक ८२, डावा ७६, शेपटी ५८, उजवा ७९, पोट ७१, पाठ ७४. कोरडं गवत. व्होल्टेज ५.३. शेपटीसाठी उजवी मिशी दोन सेंटिमीटर मागे नेणे." त्याखाली आठवडाभरानंतरची ओळ आहे: "शेपटी ७०."